युनिटधारकाच्या हातात

नाही, मान वळवू नका, फ्रेम घसरते. समोर बघा, तक्त्याकडे — बाहेरच्या पाटीचं विचारताय ना? विचारा, विचारा. सकाळपासून जो येतो तो आधी पाटीचं विचारतो, डोळ्यांचं नंतर. हो, कॉफीचं दुकान येतंय. हो, इथेच. तुम्ही बसलाय तिथे त्यांचं ते वाफ सोडणारं यंत्र येणार म्हणे, आणि हे फ्रेमांचं कपाट आहे ना, तिथे केक. चांगलं आहे. माणसाला नीट दिसलं नाही तरी चालतं, कॉफी लागते. वरची ओळ वाचा बघू. बरोबर. त्याच्या खालची? तो 'म' नाही, 'भ' आहे — असू द्या, तिथे सगळेच अडखळतात. आता तुम्ही मनात म्हणत असाल, बिचारा जुना भाडेकरू, मालकाने हाकललं. चेहऱ्यावर दिसतंय तुमच्या. तसं काही नाही. मी भाडेकरू आहे, पण मालकही मीच आहे. म्हणजे मीच मला हाकलतोय. हसा, हसायला हरकत नाही, फक्त फ्रेम धरून हसा.

उजवा डोळा झाकतो हं. आता हे बरं, की हे? पहिलं? — ही इमारत बाबांची. खाली दुकानं, वर चार मजले कचेऱ्या, कोपऱ्यावरची, दोन्ही रस्त्यांना तोंड. बाबा हुशार, इमारत स्वतःच्या नावावर ठेवली नाही, एक छोटी कंपनी काढली, इमारत कंपनीची आणि कंपनीचे शेअर आमचे — अर्धे माझे, अर्धे ताईचे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लोक म्हणाले मुलीला अर्धे कशाला, तर बाबा म्हणाले, जिन्याच्या पायऱ्या काय ती अर्ध्याच चढते का. तसा माणूस. ताई टेलिफोनच्या कचेरीत होती, मग मेव्हणे आजारी पडले, नोकरी सोडली, मेव्हणे गेले, नोकरी गेली ती गेलीच. तिची एकच मुलगी — माझी भाची. आमच्या विदुषी. शिकायला गेली लांब, शिष्यवृत्ती घेऊन, आणि परत आली ती डोक्यात एक अख्खं जग घेऊन. परत येणारी पोरं दोन प्रकारची असतात, काहींना इथलं काहीच आवडत नाही आणि काहींना इथलं सगळं सुधारायचं असतं. पहिली बरी. पहिली निदान पुन्हा निघून जातात.

आता हे बरं, की हे? सारखंच? सारखं नसतं हो, नीट बघा. — तर ही आली आणि याच स्टुलावर बसून म्हणाली, मामा, मोठ्या इमारतींचे मालक फक्त मोठेच लोक का असावेत? एखाद्या शिक्षिकेने, एखाद्या ड्रायव्हरने इमारतीचा एक तुकडा का घेऊ नये? मी म्हटलं, घेऊ दे की, मी कुठे हात धरलाय. तर म्हणाली, त्याचा मार्ग आहे — ट्रस्ट. इमारती ट्रस्टच्या, ट्रस्टचे छोटे छोटे हिस्से, त्याला युनिट म्हणायचं, ज्याला परवडेल त्याने घ्यावं, भाडं येईल ते सगळ्यांत वाटायचं. तिच्या बरोबरच्या चार-पाच जणांनी मिळून असा ट्रस्ट काढला होता, लहानसा, दोन इमारती जमल्या होत्या, तिसरी आमची हवी होती. बोलताना तिचे डोळे असे चमकायचे की मला वाटायचं हिचा नंबर तपासावा. आणि मी विचारलं, व्यवहारी माणसाने विचारावं तेच विचारलं — कर? तुम्हाला सांगतो, पोरगी तयार होती. म्हणाली, मामा, कंपनीचे शेअर देऊन त्या बदल्यात ट्रस्टची युनिटं घेतलीस तर त्या दिवशी कर नाही. माफ नाही, लक्षात ठेव, पुढे ढकललेला. ज्या दिवशी युनिट विकशील त्या दिवशी तो उभा राहील. आणि ट्रस्टला जे मिळतं त्यातलं शंभरातलं नव्वद त्याने वाटलंच पाहिजे, आणि असं वाटलं की भाड्यावर, व्याजावर ट्रस्ट कर भरत नाही. कर लागतो तो ज्याच्या हातात पैसे पडतात त्याला. भाडं म्हणून आलं तर भाडं म्हणून, व्याज म्हणून आलं तर व्याज म्हणून — मधला ट्रस्ट काचेसारखा, त्यातून आरपार दिसतं, असं म्हणाली. काचेसारखा. मला सांगते काचेबद्दल. काच कधी आहे तसं दाखवते का हो? मग मी आयुष्यभर काय घासत बसलो?

डावा झाकतो. अरे, उजवा अजून झाकलेलाच आहे — दोन्ही डोळे बंद करून बसवलं तुम्हाला आणि तुम्ही बोललातही नाही. सज्जन आहात. हं, आता बघा. — तर दिले शेअर, घेतली युनिटं. अर्धी मी, अर्धी ताईने. आणि दुकान? दुकान ट्रस्टचं झालं, मी ट्रस्टचा भाडेकरू. म्हणजे बघा काय गंमत — मी महिन्याला भाडं भरायचं, ते ट्रस्टकडे जायचं, ट्रस्ट ते तिमाहीला वाटणार, त्यातलं काही माझ्याच हातात येणार, आणि माझ्या हातात आलं की त्याच्यावर कर. माझ्या डाव्या खिशातून निघून उजव्या खिशात येईपर्यंत वाटेत नाका. काय म्हणालात? भाडं धंद्याच्या खर्चात दाखवता येतं? येतं, बरोबर आहे, इकडचं तिकडे जमतं बरंचसं. तुम्ही हिशेबातले दिसता. मग तुम्हाला चौथा भाग कळेल. वाटप यायचं ना, त्याच्याबरोबर एक कागद यायचा, चार भाग केलेला. इतकं व्याज, इतका लाभांश, इतकं भाडं — आणि चौथा, कर्जफेडीपोटी. ट्रस्टने आमच्याच कंपनीला कर्ज दिलेलं, कंपनी ते थोडं थोडं फेडणार, आलेली मुद्दल ट्रस्ट आम्हाला वाटणार. तिच्यावर कर नाही. ताई तर हरखूनच गेली. फोन करून म्हणाली, अरे, या भागावर काहीच कापलं नाही रे, हे बक्षीस का? मी म्हटलं, ताई, बक्षीस कसलं, ही तुझीच मुद्दल तुला परत येतेय, आणि जेवढी येईल तेवढी युनिटच्या खरेदीच्या किमतीतून वजा होतेय. आपली किंमत म्हणजे बाबांच्या वेळची, आहेच केवढीशी, ती संपली की यालाही कर लागणार. ती म्हणाली, संपेल तेव्हा बघू. तिला ते बक्षीसच वाटायचं. ज्याला कधी काही मिळालेलं नसतं ना, त्याला आपलंच परत मिळालं तरी कोणीतरी दिल्यासारखं वाटतं.

आता थोडं जड भिंग घालतो, डोळ्यांना पाणी येईल, पुसू नका. — विदुषीने एक काम मात्र केलं होतं, ते सांगायलाच हवं, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतो. करारात तिने एक कलम घालून घेतलं. तिच्या बरोबरची पोरं नको म्हणत होती, म्हणे एका चष्म्याच्या दुकानासाठी अख्ख्या इमारतीचं भाडं अडून राहील, बाकीच्या धारकांवर अन्याय. ती भांडली. कलम असं, की मूळ मालकांच्या घरातली युनिटं ज्यांच्या नावावर आहेत त्यांनी संमती दिल्याशिवाय हे दुकान इथून हलवता येणार नाही. कोणीही येऊ दे, कितीही भाडं देऊ दे. मामा, तू आहेस तोवर तुझं दुकान आहे, असं म्हणाली. कॉफीवाला आला तेव्हा ट्रस्टच्या व्यवस्थापकाने हेच कलम त्याला दाखवलं. कॉफीवाल्याला अख्खा तळमजला हवा, एका बाजूचं वह्यापेनवाल्याचं गेलं, पलीकडच्या शिंप्याचं गेलं, मधे मी. दातांत अडकल्यासारखा. माझ्या संमतीशिवाय पानही हलणार नव्हतं —

हो, हो. मग पाटी कशी लागली. तेच विचारणार तुम्ही. खालची ओळ वाचा आधी.

वाचता येत नाही? थांबा, भिंग बदलतो. संमती दिली म्हणून लागली. कोणी म्हणजे? युनिटं ज्यांच्या नावावर आहेत त्यांनी. मी मालकच आहे, ते काही खोटं नाही बोललो मी, इमारत बाबांची, अर्धी माझी, हे कोणीही सांगेल. कागदावर फक्त — कागदाचं काय असतं हो, सोयीसाठी करतो माणूस. तुम्ही नाही करत? बायकोच्या नावावर ठेव नाही ठेवली कधी? त्यात काही उपयोग नसतो म्हणा, बायकोच्या नावावर टाकलं तरी कर आपल्यालाच लागतो, ते पोराटोरांनाही माहीत आहे. पण बहिणीचं तसं नाही. हे मला आमच्या करसल्लागाराने सांगितलं. त्याला आम्ही टक्केसाहेब म्हणतो, दर वाक्यात एक तरी टक्का असतो, स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाला नव्वद टक्के ठरलंय. हे टक्केसाहेब माझं विवरणपत्र भरता भरता म्हणाले, साहेब, तुमचं दुकानाचं उत्पन्न आधीच कराच्या वरच्या पायरीवर, त्यावर हे ट्रस्टचं येऊन बसतं, ते सगळ्यात वरच्या दराने कापलं जातं. तुमच्या बहिणीला दुसरं काही उत्पन्न नाही. तुमची युनिटं त्यांच्याकडे असती तर दोघांचं मिळूनसुद्धा खालच्या पायरीवर बसतं. कर ज्याच्या हातात पडतं त्यालाच ना? मग हात बदला. सोपं. मी म्हटलं, विकली तर झोपलेला कर उठेल. तर म्हणाले, विकायची नाहीत, बक्षीस द्यायची. बहिणीला बक्षीस दिलं तर ना देणाऱ्याला कर, ना घेणाऱ्याला.

बरं दिसतंय आता? थोडं अंधूक? राहू द्या, जवळचं बघताना ठीक होईल.

आता सांगा, यात माझं काय चुकलं? घरातलं घरात. सरकारला वरच्या दराने द्यायचं ते खालच्या दराने. ताई काय परकी आहे? मागितलं की माझ्या वाट्याचं देईल, एवढंच मनात. विदुषीला कळलं तेव्हा ती धावत आली, हे असं दार ढकलून, गिऱ्हाईक बसलंय हेही न बघता. म्हणाली, मामा, हे करू नकोस. मी म्हटलं, का, तुझ्या आईला मिळतंय तर पोटात दुखतंय? नुसतं चिडवलं. ती म्हणाली, चेष्टा नको. तू खरंच देत असशील तर दे, मी पाया पडेन तुझ्या, पण खरं देत नसशील तर देऊ नकोस. बक्षीस म्हणून लिहायचं आणि मनात माझंच आहे म्हणायचं, हे खोटं आहे. कर भर, मामा, कराने रस्ते होतात. मी म्हटलं, या समोरच्या रस्त्यावरचा खड्डा कोणाच्या कराने झालाय तेवढं सांग. ती दाराकडे वळली. मग जाता जाता म्हणाली, ते कलम लक्षात आहे ना? ज्यांच्या नावावर युनिटं त्यांचीच संमती. मी म्हटलं, अगं, ती ताई आहे. मला हाकलणार आहे का ताई?

हे वाचायचं छापील कार्ड धरा हातात. नेहमी पेपर धरता तेवढ्या अंतरावर. इतक्या लांब? वय विचारत नाही, कळलं.

ते बक्षीसपत्र वकिलाने केलं. त्यात म्हणे लिहावंच लागतं, नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी, कायमचं, कोणतीही अट न घालता. मी टक्केसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं, कायमचं कशाला, अट नाही हे कशाला? तर म्हणाले, अट घातलीत तर ते बक्षीसच नाही, मग करखातं म्हणणार हे उत्पन्न अजून तुमचंच. ते खरं असलं पाहिजे साहेब, तरच चालतं. खरं असलं पाहिजे. काय माणूस आहे. मी सही केली. ताई शेजारी बसली होती, तिने ते वाक्य वाचलं. दोनदा वाचलं. तिचा चष्मा तेव्हा मीच केलेला, चांगलं दिसत होतं तिला. वाचून झाल्यावर माझ्या शर्टाची बाही धरली आणि तशीच धरून बसली, त्या वकिलाच्या कचेरीत, शिक्के मारून होईपर्यंत. बाहेर आल्यावर म्हणाली, बाबांनी अर्धे दिले ते हक्काचे दिले. लग्नात दिलं ते लोकांनी नाव ठेवू नये म्हणून दिलं. तुझे मेव्हणे गेल्यावर सगळ्यांनी दिलं ते दया येऊन दिलं. हे पहिलंच, जे द्यायला नको होतं आणि कोणी दिलं.

मी काय बोलणार होतो तिथे, रस्त्यावर? अगं ताई, दर वाचवायला केलंय, असं? तुम्ही बोलला असतात? मग झालं तर. म्हटलं, दोन दिवसांनी बोलू, निवांत. दोन दिवसांनी तिने सगळ्या नातेवाईकांना सांगून टाकलं होतं. आत्याला, चुलतभावांना, शेजारीण आहे एक तिची कानाने अधू, तिला तर ओरडून. माझ्याकडे फोन यायला लागले — तुझ्यासारखा भाऊ सगळ्यांना मिळो. ज्या चुलतभावाने मला आयुष्यात चांगलं म्हटलं नाही तोसुद्धा. माझा वाटा मागायला तोंड कुठून आणू? आणि पहिलं वाटप आलं तेव्हा तिने काय केलं असेल? हे मागचं यंत्र बघताय ना, काच घासायचं, नवं — ते तिने आणलं मला. त्या चौथ्या भागातून. माणसं घेऊन आली, स्वतः जागा दाखवून बसवून घेतलं, म्हणाली, तू मला एवढं दिलंस, माझ्याकडून हे. माझ्याच पैशाचं यंत्र, आणि मी तिचे आभार मानतोय, गिऱ्हाइकांसमोर, अगदी हात जोडून वगैरे.

हात मनापासून जोडले होते. का ते वेगळं.

आता शेवटचं, मग फ्रेम काढतो. कॉफीवाल्याचा निरोप तिच्याकडे गेला, कारण नाव तिचं. व्यवस्थापकाने तिला सांगितलं, भाडं इतकं वाढेल, वाटप इतकं वाढेल. तिने मला विचारलं नाही. का विचारेल? मीच किती वेळा म्हटलंय तिला, ताई, गुडघे गेले, उभं राहवत नाही, डोळे तपासणाऱ्याचेच डोळे गेले. बोलतो आपण, दमलो की बोलतो. तिने ते जपून ठेवलं होतं सगळं. संमती देऊन आली आणि संध्याकाळी घरी येऊन मला सांगितलं — कसं सांगितलं, लहानपणी मला खाऊ आणायची तेव्हा हात पाठीमागे लपवून उभी राहायची, तसं. म्हणाली, झालं तुझं उभं राहणं. आता वाटप वाढेल, आपल्या दोघांना पुरून उरेल. मागची खोली रिकामी केलीय मी, खिडकीपाशी तुझा पलंग ठेवलाय, सकाळचं ऊन येतं. तू मला दिलंस, आता मला देऊ दे. मी म्हटलं, दुकान? ती म्हणाली, दुकानाने तुला काय दिलं रे?

काय दिलं. बरोबर आहे. सकाळी कुलूप काढायचो तेव्हा शटर वर जाईपर्यंत हात कापायचे आणि वर गेलं की थांबायचे, एवढंच. हे कोणाला सांगायचं असतं का.

विदुषी काल आली. बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, मामा, आईला सांग. सगळं सांग, ती आत्ताच्या आत्ता संमती मागे घेईल, युनिटं परत करेल, वेळ आहे अजून. उद्या संध्याकाळी जागा सोडल्याच्या कागदावर तुझी सही झाली की मग काही नाही. मी म्हटलं, सांगितलं तर करखातं जुनी विवरणपत्रं उकरेल, बक्षीस खोटं म्हणेल, तुझ्या आईला नोटीस येईल, म्हातारपणी तिला त्या खेपा घालायला लावू? टक्केसाहेबांना विचारलंय मी. ऐंशी टक्के येईल म्हणाले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, दंड मी भरते, नोटिशीला उत्तर मी देते, तू फक्त सांग. खरं सांगण्यावर कर नाहीये, मामा. असं बोलते. लांब शिकलेली. आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाली, तुला नोटिशीची भीती नाहीये.

नाहीये. नसेल. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे, तुम्ही चष्मा करायला आलात. पण तुम्हीच बघा — तुम्ही बाहेरचे, तुम्हाला त्रयस्थपणे दिसेल — इतकी वर्षं जगलो, धंदा केला, कोणाचं बुडवलं नाही, कोणाला विशेष काही दिलंही नाही. घरात माझं नाव निघालं तर 'चष्म्याचं दुकान आहे ना, तो' एवढंच निघायचं. आता निघतं ते वेगळं. ताई मला जेवायला वाढते तेव्हा समोर बसून बघत राहते. माझ्या हातून एक चांगली गोष्ट झाली आहे, शिक्क्यासहित, साक्षीदारांसहित, आणि ती मी केलेलीच नाही. ती मी परत करू? दुकानासाठी? एका दुकानासाठी तिला सांगू, की जे एकच कोणीतरी तुला न मागता दिलं होतं ते दराच्या पायरीसाठी होतं? मग खिडकीतल्या पलंगाचं काय करील ती? नाही, तुम्ही सांगा. सांगा ना. असे बघत काय बसलात, काढा ती फ्रेम —

ये, ताई. ये ना, दार उघडंच आहे. नाही नाही, झालंच आहे यांचं. एकटीच आलीस? विदुषी गाडीत बसलीय? आत नाही यायचं म्हणते? बसू दे. आण तो कागद. पेन आहे माझ्याकडे. इथे ना? इथे, आणि इथे. — हे बघ, झालं. रडायचं काय त्यात, तूच म्हणालीस ना सुटलास म्हणून. हो, ऊन येतं, सांगितलंस तू. येतो म्हटलं ना, आजच येतो.

नाही, ताई, यांना नको सांगूस आता. त्यांना घाई आहे, ते निघालेत. अगं, ऐकलंय त्यांनी सगळं. माझ्याकडूनच ऐकलंय. हो, बक्षीसपत्राचं, वकिलाकडचं, सगळं. अगदी तू सांगतेस तसंच सांगितलं मी, विचार त्यांना. — नका उठू असे घाईने, काठी विसराल. नंबर? नंबर दुसरीकडे काढून घ्या तुम्ही, इथे आता चष्मे होणार नाहीत. पैसे राहू द्या. राहू द्या म्हटलं ना. दार ओढून घ्या जाताना.